तो उद्धट नाही, त्याला थोडा वेळ हवाय!

"इकडं बघून बोल!"

हे वाक्य आपल्या कानांना किती सवयीचं आहे! शाळेत गुरुजी म्हणायचे, घरात वडील म्हणायचे, आणि नाक्यावर पोलीस म्हणतात. गंमत बघा, सून सासऱ्यांसमोर खाली बघून बोलली तर तो तिचा विनय, आणि तरुण पोरगा पोलिसांसमोर खाली बघून बोलला तर ती त्याची लबाडी. जो नजर चुकवतो तो काहीतरी लपवतोच, असं आपण सगळेच धरून चालतो. पण ज्याला नजरेला नजर देणंच जड जातं, त्याने काय करायचं?

मैत्रिणींनो, स्वमग्न मुलांविषयी आपण आता बऱ्यापैकी वाचतो. दोन एप्रिल हा जागतिक ऑटिझम जागृती दिवस, त्या सुमारास तर हमखास. मूल उशिरा बोलतं, हाक मारली तरी वळून बघत नाही, एकच चाक तासन्‌तास फिरवत बसतं, अशी लक्षणं आता आपल्या अंगणवाडी ताईंनाही सांगता येतात. पण हे सगळं लिखाण लहान मुलांपाशी येऊन थांबतं. मुलं मोठी होतात हो! त्यांना मिसरूड फुटते, अठरावं लागतं, आणि भावाची, मित्राची गाडी बघून त्यांनाही गाडी हवी असते. ती मिळाली की पहिल्यांदाच मूल आईचा हात सोडून एकटं रस्त्यावर येतं. त्या रस्त्यावर त्याला पोलिसांनी थांबवलं तर? या प्रश्नावर मला आज बोलायचं आहे.

आधी थोडं समजून घेऊ. ऑटिझम हा औषधाने बरा होणारा आजार नाही. मेंदूची जडणघडणच जन्मापासून वेगळी असते. १९४३ मध्ये अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा अकरा मुलांविषयी लिहिलं, तेव्हापासून या स्थितीला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र ओळख मिळाली. यात एकच एक प्रकार नसतो. कुणाला आयुष्यभर शब्द फुटत नाही, तर कुणी इंजिनियर होऊन नोकरी करतो. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालचा अंदाज आहे की दर १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न असतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या जामनेर तालुक्याची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या घरात होती. हिशोब अगदी ढोबळ केला तरी तालुक्यात अडीच हजारांहून जास्त माणसं निघतात. ती कुठं आहेत? शेंदुर्णीत, पहूरला, नेरीला, फत्तेपूरला, आपल्याच गल्लीत आहेत. "जरा येडंच आहे ते," असं म्हणून आपण त्यांना बाजूला ठेवलेलं असतं, एवढंच.

यातले सगळे गाडी चालवू शकत नाहीत, हे मी आधीच मान्य करते. पण काही जण चालवू शकतात आणि चांगली चालवतात. नियम एकदा डोक्यात बसला की तो मोडणं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना जमतच नाही. लाल दिव्याला ते थांबतात, मग मागचा कितीही हॉर्न वाजवो! आणि आपल्याकडं गाडी ही काही चैन नाही. पाचोरा-जामनेर ही आपली लाडकी 'पीजे' २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली, तेव्हापासून तर गावाची सगळी मदार रस्त्यावर आली. दवाखाना, कॉलेज, मार्केट, नोकरी, सगळ्याला दुचाकी लागते. ज्याला गाडी येते तो स्वतःच्या पायावर उभा राहतो. ज्याला येत नाही, तो कुणीतरी नेईल म्हणून ओट्यावर बसून राहतो.

माझ्या ओळखीतल्या एका बाईचा मुलगा असाच. वय बावीस. बारावी झालाय, लायसन रीतसर चाचणी देऊन काढलेलं. वडिलांच्या दुकानाचा माल तो स्कूटरवर पोचवायचा. एका संध्याकाळी दुसऱ्या गावच्या नाकाबंदीत त्याला थांबवलं. हवालदारांनी विचारलं, "गाडी कोणाची?" हा म्हणाला, "गाडी कोणाची?" त्यांनी आवाज चढवला, "तुला विचारतोय मी!" हा म्हणाला, "तुला विचारतोय मी." आता समोरच्या माणसाला काय वाटणार? पोरगं चेष्टा करतंय! पण स्वमग्न मुलं गोंधळली की पुष्कळदा प्रश्नच परत म्हणतात. त्यातून त्यांना तो प्रश्न समजून घ्यायला वेळ मिळतो. इकडं किल्ली काढून घेतली गेली, टॉर्च तोंडावर आला, कुणीतरी दंड धरला. त्याने कानांवर हात घेतले आणि तो जागच्या जागी झुलायला लागला. मग तर "नशा केलीय" असंच ठरलं. दोन तास गेले. शेवटी एक वयस्कर जमादार आले. त्यांनी बाकीच्यांना लांब केलं, त्याला पाणी दिलं, आणि एकेक करून विचारलं. नाव? गाव? घरचा फोन नंबर? नंबर त्याला तोंडपाठ होता. पाच मिनिटांत सगळं सुटलं.

त्याची आई मला म्हणाली, "माह्या पोऱ्यानं काय चोरी केली होती का व ताई? मार पडला असता तरी तो का पडला हेबी त्याले समजलं नसतं." त्यानंतर तीन महिने त्या मुलाने गाडीला हात लावला नाही. लायसन कपाटात पडून होतं. कायद्याने त्याच्यावर एक रुपयाचाही दंड झाला नव्हता, पण त्याचा रस्ता मात्र बंद झाला होता.

या प्रसंगात मला कुणालाही खलनायक करायचं नाही. रात्रीच्या नाकाबंदीत उभ्या असलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. दारू पिऊन येणारे, सोनसाखळी ओढून पळालेले, चोरीची गाडी घेऊन निघालेले, सगळे त्याच रस्त्याने येतात. पोलिसाला काही क्षणांत माणूस ओळखायचा असतो. तो बघतो काय, तर नजर, हात, आवाज आणि उत्तर द्यायला लागलेला वेळ. नेमक्या याच चार गोष्टी स्वमग्न माणसाच्या वेगळ्या असतात. नजर खाली, हात सतत हलते, आवाज एकसुरी किंवा भलताच मोठा, आणि उत्तर उशिरा. म्हणजे संशयिताची जी खूण पोलिसांना अनुभवाने माहीत झालेली असते, तीच याच्या अंगावर जन्मापासून असते. त्यात टॉर्चचा झोत, शिट्टी, चार जणांचं एकदम बोलणं. ज्याला मिक्सरचा आवाजही सहन होत नाही, त्याच्या डोक्यात तिथं काय चालत असेल!

समज चुकली की गोष्ट कुठवर जाते, त्याची उदाहरणं आहेत. ६ फेब्रुवारी २०१५ ला अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात सुरेशभाई पटेल हे सत्तावन्न वर्षांचे गुजराती गृहस्थ मुलाच्या घराबाहेर फेरफटका मारत होते. इंग्रजी येत नव्हतं. पोलिसांच्या प्रश्नांना उत्तर देता आलं नाही. त्यांना जमिनीवर आपटलं गेलं आणि त्यांच्या अंगाला लकव्यासारखी अवस्था आली. ते काही स्वमग्न नव्हते. पण 'उत्तर न देणं म्हणजे विरोध करणं' ही समजूत काय करते, ते त्यांच्या शरीराने भोगलं. पुढच्याच वर्षी, जुलै २०१६ मध्ये, फ्लोरिडातल्या नॉर्थ मायामीत एक स्वमग्न तरुण खेळण्यातला ट्रक हातात घेऊन रस्त्यात बसला होता. ते पिस्तूल असावं असं पोलिसांना वाटलं. त्याला सांभाळणारे चार्ल्स किन्सी हात वर करून, रस्त्यावर उताणे पडून, हे खेळणं आहे असं ओरडून सांगत होते. तरी गोळी सुटली, आणि लागली किन्सींच्या पायाला. सुदैवाने ते वाचले.

तुम्ही म्हणाल, ते अमेरिकेत, आपल्याकडं कुठं पोलीस गोळ्या घालतात? खरं आहे. पण आपल्याकडं पोलिसांच्या आधी गर्दी पोचते. १ जुलै २०१८ चा दिवस खान्देशाने विसरू नये. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली होती. जमावाने त्यांना ठेचून मारलं. ती माणसं बोलणारी होती, आपण कोण हे सांगू शकत होती. तरी त्यांचं कुणी ऐकलं नाही. मग ज्याला सांगताच येत नाही, जो अनोळखी गावात गाडी बंद पडली म्हणून भांबावून उभा आहे आणि विचारलं तर प्रश्नच परत म्हणतोय, त्याचं काय होईल? या विचाराने माझ्या तरी पोटात गोळा येतो. म्हणून स्वमग्न माणसाला ओळखणं हे जितकं पोलिसांचं काम, तितकंच चौकातल्या पानटपरीवर उभ्या असणाऱ्यांचंही आहे.

यावर अमेरिकेतल्याच कनेक्टिकट राज्याने एक साधा उपाय काढला. १ जानेवारी २०२० पासून तिथं स्वमग्न वाहनचालकांना एक निळं पाकीट मिळतं. लायसन, गाडीची नोंदणी आणि विम्याचा कागद त्यात ठेवायचा. पाकिटावर पोलिसांसाठी सूचना छापलेल्या आहेत, आणि पोलिसांनी थांबवलं तर काय करायचं हे चालकासाठीही छापलेलं आहे. पोलीस आले की पाकीट पुढं करायचं. बस्स! ना यंत्र, ना मोठा खर्च. ही कल्पना पुढं अमेरिकेत इतर ठिकाणीही उचलली गेली. मला ती फार आवडली, कारण हे आपल्या स्टेशनरीच्या दुकानातही होण्यासारखं आहे.

आणि आपल्या कायद्याचं काय? कायदा आपल्या बाजूने आहे, फक्त तो कागदावरून खाली उतरलेला नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने त्याची दखल घेतली. पुढं २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, आणि त्यातल्या एकवीस प्रकारांत ऑटिझमला जागा मिळाली. या कायद्याचं सत्तेचाळीसावं कलम मुद्दाम वाचण्यासारखं आहे. पंचायतीचे सदस्य, आमदार-खासदार, प्रशासकीय अधिकारी, पोलीस, न्यायाधीश आणि वकील यांच्या सगळ्या प्रशिक्षणात दिव्यांगांच्या हक्कांचा विषय सक्तीचा करावा, असं ते सांगतं. म्हणजे आपण काही उपकार मागत नाही. कलम ब्याण्णवप्रमाणे दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान केला किंवा तिला धमकावलं तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार, दिव्यांग व्यक्तीची साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर तिला ठाण्यात बोलवता येत नाही, ती राहते तिथं जावं लागतं. महाराष्ट्राने तर डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र कल्याण विभागच काढला. एवढं सगळं असताना नाक्यावरच्या हवालदारापर्यंत मात्र 'स्वमग्न' हा शब्दही पोचलेला नसतो. यात त्या हवालदाराचा दोष किती आणि न शिकवणाऱ्यांचा किती?

म्हणून माझं म्हणणं असं, की वरून परिपत्रक येण्याची वाट न बघता आपण तालुक्यापुरती सुरुवात करावी. एक निळं प्लॅस्टिकचं पाकीट घ्यावं. लायसन, गाडीची कागदपत्रं आणि 'यूडीआयडी' हे दिव्यांग ओळखपत्र त्यात ठेवावं. वर मोठ्या ठळक मराठीत लिहावं:

"मी स्वमग्न आहे. मला ऐकू येतं, पण उत्तर द्यायला वेळ लागतो. मी तुमच्या डोळ्यांत बघणार नाही. कदाचित तुमचाच प्रश्न परत म्हणेन, ती चेष्टा नाही. एका वेळी एकच प्रश्न विचारा. हात लावण्याआधी सांगा. टॉर्च तोंडावर धरू नका. माझ्या घरी या नंबरवर फोन करा."

आणि मागच्या बाजूला आपल्या लेकरासाठी: "गाडी कडेला घे. बंद कर. हात हँडलवर ठेव. पाकीट डिक्कीत आहे असं सांग आणि विचारून काढ. जा म्हटल्याशिवाय जाऊ नको. पळू नको."

नुसतं लिहून भागणार नाही, त्याची घरी तालीम हवी. काकाला खाकी शर्ट घालून अंगणात उभं करा, शिट्टी वाजवू द्या, पाकीट काढायला लावा. पाच वेळा, दहा वेळा, पंचवीस वेळा. या मुलांना ओळखीची गोष्ट जमते, अचानक आलेली जमत नाही. नाकाबंदी त्यांना ओळखीची करून द्यायची. दरवर्षी २ जानेवारीपासून महाराष्ट्र पोलीस स्थापना दिनाचा सप्ताह असतो, शाळांतली मुलं ठाणं बघायला जातात. त्यात आपल्या या मुलांनाही न्यावं. खरा गणवेश, खरी वायरलेस, खरे साहेब एकदा शांतपणे बघितले की रस्त्यावरची भीती निम्मी होते. आणि साहेबांनाही ही मुलं ओळखू येतात, हा दुसरा फायदा.

हे बोलायला लागलं की तीन-चार प्रश्न हमखास येतात.

"अशांना गाडी देताच कशाला?" अगदी हाच प्रश्न कर्णबधिरांच्या बाबतीत वर्षानुवर्षं विचारला गेला. २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, की त्यांना चाचणी तर देऊ द्या, पास झाले तर लायसन द्या. २०१६ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानेही राज्यांना तसं कळवलं. स्वमग्नांनाही हाच न्याय लावावा. गाडी येते की नाही, हे नावाच्या शिक्क्यावरून ठरू नये, चाचणीवरून ठरावं. ज्याला जमत नाही त्याच्या आईवडिलांनी मन घट्ट करून नाही म्हणावं. दुसऱ्याच्या जिवाशी खेळायचा हक्क कुणालाच नाही. पण हे पाकीट त्याच्याही कामाचं आहे. तो मागच्या सीटवर बसला असेल, एसटीत असेल, पायी चाललेला असेल, तेव्हाही.

"उद्या कुणीही असं पाकीट घेऊन फिरेल." फिरू दे की! पाकिटामुळं माफ काहीच होत नाही. हेल्मेट नसेल तर दंड होईल, लायसन नसेल तर कारवाई होईल, दारू प्यायला असेल तर गुन्हा दाखल होईल. पाकीट मागतं ते फक्त थोडं हळू बोलणं. आणि शंका आलीच तर आत यूडीआयडी आहे.

"पोलिसांना एवढा वेळ कुठं आहे?" त्या दिवशी नाक्यावर दोन तास गेले, आणि समजूतदारपणे विचारल्यावर पाच मिनिटं लागली. वेळ कशात वाचतो, तुम्हीच सांगा.

चौथा प्रश्न मात्र आपल्याच बायकांचा असतो, आणि तो मला सगळ्यात जास्त लागतो. "मुलावर शिक्का बसेल, पुढं लग्नात अडचण येईल, धाकटीला स्थळं येणार नाहीत." अगं, पाकीट काही नंबर प्लेटवर चिकटवायचं नाही. ते डिक्कीत राहील, गरज पडली तरच बाहेर येईल, आणि ज्याला नको त्याच्यावर सक्तीही नाही. पण एक विचारते. जे आपण सोयऱ्याधायऱ्यांपासून लपवतो, ते आपलं लेकरू अंधाऱ्या रस्त्यावर टॉर्चच्या झोतात कुणाला आणि कसं सांगणार? आपण घरात शब्द उच्चारला नाही, तर त्याच्याकडं तो शब्द येणार कुठून?

पोलीस ठाण्यांत महिला दक्षता समित्या असतात. त्यातल्या बऱ्याच जणी या पानाच्या वाचक आहेत. त्यांनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. गणपतीआधी शांतता समिती बसते, पोलीस पाटलांच्या बैठका होतात, तिथंही दहा मिनिटं मागता येतील. जळगावला दीपस्तंभ फाउंडेशनच्या 'मनोबल' प्रकल्पात दिव्यांग मुलं-मुली स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. त्यांच्यातल्याच कुणाला बोलायला बोलवावं. दिव्यांगाविषयी दिव्यांगानेच सांगितलेलं जास्त पटतं. बचत गटाने ठरवलं तर पन्नास पाकिटं एका दुपारी तयार होतात. आम्ही पहिली पंचवीस करायला घेतली आहेत. ज्यांच्या घरात असं लेकरू आहे त्यांनी आपापल्या गावच्या अंगणवाडी ताईंकडं किंवा बचत गटाकडं नुसतं नाव सांगावं, पाकीट घरपोच येईल. आणि ज्या मैत्रिणींचे नवरे, भाऊ, मुलं पोलिसांत आहेत, त्यांनी हा लेख रात्री जेवताना त्यांना वाचून दाखवावा. वरच्या चौकटीतल्या सूचना आठच आहेत, पाठ व्हायला वेळ लागणार नाही.